काचेच्या आतला पावसाळा

पवई तलावाच्या परिसरातील घरांत किंवा शाळांत पावसाळ्यानंतर भिंतीवरची एखादी जुनी तसबीर उतरवून पाहावी. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेल्या मोरावर तपकिरी ठिपके आढळतात. कुठे लाल दोऱ्याचा रंग शेजारी पसरलेला असतो. काच शाबूत, खिळेही जागेवर. मग पाणी आत शिरले कसे?

ते बाष्परूपाने आधीच आत होते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. मुंबईत जुलैमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असणे नित्याचेच. म्हणजे बाष्प झाले २४ ग्रॅम. आता हीच हवा २६ अंशांपर्यंत निवली तर ती संपृक्त होते. पावसाने भिजलेल्या बाहेरच्या भिंतीवर तसबीर टांगली असेल, तर एवढा चार अंशांचा फरक पडायला वेळ लागत नाही. काचेच्या आतल्या बाजूस दव धरते. कापड काचेला टेकलेले असेल, तर ते हे पाणी टिपकागदासारखे शोषून घेते आणि कच्चा रंग ओघळतो.

बुरशीला तर दवाचीही गरज नसते. सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली की पुरे! कापड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवले असेल, तर तिला आयते खाद्य मिळते. कसरही त्यावरच जगते.

म्हणून फ्रेम करणाऱ्याला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. काच आणि कापड यांत जाड माउंट घालून तीन-चार मिलिमीटर जागा ठेवावी, आणि कापड चिकटवू नये. मागच्या सुती कापडावर टाके घालून ताणून बसवावे. स्वस्त पुठ्ठ्यातील लिग्निनपासून कालांतराने आम्ले तयार होतात व कापड पिवळे पडते, म्हणून पुठ्ठा आम्लविरहित मिळाल्यास उत्तम. तसबिरीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीलगत हवा खेळती राहते. आमच्या मते महागड्या नक्षीदार चौकटीपेक्षा हे तुकडे अधिक मोलाचे.

उन्हाचा प्रश्न वेगळा. साधी काच सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी बरेचसे आत येऊ देते, आणि रंग विटवायला दृश्य प्रकाशही पुरतो. वस्त्रांसाठी संग्रहालये सुमारे ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात. खिडकीशी तो हजारोंच्या घरात असतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. हळदीत रंगवलेली सुती पट्टी घ्यावी, अर्धी काळ्या कागदाने झाकावी आणि काचेखाली उन्हात ठेवावी. आठवड्याने कागद काढून विद्यार्थ्यांना दोन्ही भाग शेजारी शेजारी पाहू द्यावेत.