दिसत नाही, पण नाव गाळते
चंद्रपूर : वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाला २००९ मध्ये, तर चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. समजा, ही दोन नावे विंडोज संगणकावर एकाच रकान्यात एकाखाली एक टंकली आहेत. तेथे ओळ १३ व १० क्रमांकांच्या दोन अदृश्य चिन्हांनी संपते. लिनक्समध्ये केवळ १० ने. डेटाबेसच्या क्वेरीत नावे फक्त १० वर तोडली, तर मेंढा-लेखाच्या शेपटीला १३ चिकटून राहतो. पडद्यावर नाव बिनचूक दिसते. पण गावांच्या मूळ यादीशी जुळत नाही आणि गाव गळते. शेवटच्या ओळीतील पाचगाव मात्र जुळते, त्यामुळे चुकीचा संशयही येत नाही! म्हणून क्वेरीत आधी १३ पुसावा, मगच १० वर ओळी तोडाव्यात.