शब्बाथ: शनिवार की रविवार?

ख्रिस्ती माणसाने विश्रांतीचा दिवस शनिवारी पाळावा की रविवारी, हा प्रश्न वरवर पाहता पंचांगाचा वाटतो. परंतु धर्माज्ञा बदलण्याचा अधिकार कोणाला, हा त्यातला खरा वाद आहे.

दहा आज्ञांतील शब्बाथ हा सातवा दिवस, म्हणजे शनिवार, याविषयी दोन्ही पक्षांत फारसे दुमत नाही. मग रविवार आला कोठून? तो रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याने आणला, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे. इ. स. १५०च्या सुमारासच जस्टिन मार्टर याने ख्रिस्ती मंडळी रविवारी उपासनेस जमत असल्याचे लिहून ठेवले आहे. येशूचे पुनरुत्थान त्या दिवशी झाले, ही त्यामागील श्रद्धा. कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये कायदा केला, तो त्या दिवशी न्यायालये व शहरांतील कामधंदे बंद ठेवण्याचा. शेतकऱ्यांना त्याने कामाची मुभा ठेवली.

तथापि शनिवारही लगेच मागे पडला नाही. चौथ्या शतकात लावदिकियाच्या धर्मसभेने, शनिवारी स्वस्थ बसू नका, असे ख्रिस्ती लोकांस बजावले. जे कोणी करीतच नाही, त्याची मनाई कशाला होईल? इथिओपियाच्या चर्चने तर दोन्ही दिवसांना मान दिला. १८६३ मध्ये अमेरिकेत संघटित झालेला सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ आजही शनिवारच पाळतो.

देवाने नेमलेला वार माणसाने बदलू नये, हे शनिवारवाल्यांचे म्हणणे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दिवसांचा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनावर सोपवला आहे, याकडे दुसरा पक्ष बोट दाखवतो. दोहोंतही तथ्य आहे.

परंतु या वादात एक गोष्ट मागे राहते, असे आम्हांस वाटते. ‘अनुवाद’ या ग्रंथात शब्बाथाचे कारण सांगताना मिसरातील गुलामगिरीची आठवण दिली आहे. म्हणून दास, दासी आणि बैल यांनाही त्या दिवशी विसावा हवा. आपल्या कोकणातील बेने इस्राएल हे ख्रिस्ती नव्हेत, यहुदी. पण शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. घाणा थांबला, की बैलही थांबे. धनी प्रार्थनेला गेला आणि मोलकरीण चुलीपुढे राबत राहिली, तर शनिवार काय आणि रविवार काय, आज्ञा मोडलीच.