नवा मुलूख, नवे पाणी आणि जुना संकोच

मार्च संपत आला की आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक ऊन आणि दुसरी बदल्या. कोळसा खाणी, वीज केंद्र, कागद कारखाना, आयुध निर्माणी, बँका, शाळा आणि सरकारी कचेऱ्या यांच्या निमित्ताने दर वर्षी कितीतरी कुटुंबे बाहेरून इथे येतात. महिन्या-दोन महिन्यांत त्यांतले काही जण माझ्या दवाखान्यात येऊन बसतात आणि म्हणतात, "डॉक्टर, इथले पाणी काही मानवत नाही हो."

हे वाक्य मीही म्हटलेले आहे. मी मूळचा मालवणकडचा. १९९६ साली या जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो, तेव्हा पहिला महिना माझेच पोट बिघडलेले होते. त्यात भाषेची गंमत वेगळी. एका बाईंना पथ्य विचारले, तर त्या म्हणाल्या, "सांभार टाकून वरण खाते." मी मनात म्हटले, वरणात पुन्हा सांबार कशाला? सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मला कंपाउंडरने नंतर सांगितले. रस्त्यात भेटेल तो "जेवण झालं का?" असे विचारी. या लोकांना माझ्या जेवणाची एवढी चौकशी कशाला, असे मला वाटे. तो इकडचा नमस्कार आहे, हे कळायला सहा महिने गेले.

आज हा विषय घेण्याचे कारण मात्र गमतीचे नाही. गेल्या मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो.

आजींची गोष्ट

बँकेत बदली होऊन आलेल्या एका गृहस्थांच्या सत्तरीच्या आई माझ्याकडे आल्या होत्या. सिंधुदुर्गातील खेड्यात जन्म गेलेला. यजमान वारल्यावर मुलाने सोबत आणले. रक्तदाबाची गोळी चालू होती आणि तिच्यात लघवी वाढवणारे औषधही होते. तक्रार बद्धकोष्ठाची आणि लघवीच्या जळजळीची. मी तपासले, औषध लिहून दिले आणि सवयीने म्हणालो, "आजी, पाणी भरपूर प्या." आजींनी मान हलवली. दवाखान्यात गर्दी होती. मी पुढच्या रुग्णाला बोलावले.

तीन आठवड्यांनी त्याच आजींना रिक्षातून आणले. उठताना चक्कर येऊन पडल्या होत्या. जीभ कोरडी, नाडी जलद, वरचा रक्तदाब ९०, आदल्या रात्रीपासून लघवी जवळजवळ नाही. रक्त तपासले, तर मूत्रपिंडावर ताण आलेला. लगेच दाखल करून सलाईन लावले आणि रक्तदाबाची गोळी थांबवली. दोन दिवसांनी लघवी नीट होऊ लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आणखी एक दिवस उशीर झाला असता, तर गोष्ट हाताबाहेर जाऊ शकली असती.

त्यानंतर मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि मालवणीत विचारले की पाणी का पीत नव्हता. आपली बोली ऐकून आजी प्रथमच मोकळ्या बोलल्या. भाड्याच्या घराचा संडास अंगणाच्या पलीकडे, घरमालकांच्या ओसरीसमोरून जावे लागे. ओसरीवर दिवसभर माणसे बसलेली. आजी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या खळ्यातसून दिसाक कितके फेरे मारूचे? बरा दिसता काय ता?" फेरे कमी व्हावेत म्हणून त्यांनी पाणीच कमी केले होते. दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले, तेही चंद्रपूरच्या मे महिन्यात.

मी "पाणी प्या" म्हणालो होतो, पण "का पीत नाही?" हे विचारले नव्हते. चूक ती हीच.

शरीराला किती दिवस लागतात?

कोकणात पारा सहसा पस्तिशीच्या आसपास असतो, पण हवेत दमटपणा फार. घाम अंगावरून निथळतो आणि माणसाला आपोआप पाण्याची आठवण होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी. घाम सुटतो तसा लगेच उडून जातो. नव्या माणसाला वाटते, आपल्याला घामच येत नाही. प्रत्यक्षात शरीरातून तिकडच्यापेक्षाही जास्त पाणी गेलेले असू शकते. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे धोका आणखी वाढतो.

शरीर नव्या उष्णतेला सरावायला साधारण एक ते दोन आठवडे घेते. या काळात रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामावाटे जाणारे मीठ कमी होते. म्हणून पहिले पंधरा दिवस दुपारची उन्हातली कामे टाळावीत, निदान हळूहळू वाढवावीत. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी प्यावे. गडद दिसली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, पण गाव बदलल्यावर एकदा दाखवून घ्याव्यात. इथले लोक बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा बांधतात, माठ भरून ठेवतात, ज्वारीची आंबील पितात. हे सारे शहाणपणाचे आहे, नव्यांनी निःसंकोच उचलावे. खिशात कांदा ठेवण्याने काही बिघडत नाही, मात्र त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी विसरू नये. कूलर लावलात, तर त्याची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. त्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

पोटाचे म्हणाल, तर प्रत्येक गावच्या पाण्यात आणि अन्नात जंतू निराळे असतात, त्यामुळे सुरुवातीला एखाद-दोन वेळा जुलाब होऊ शकतात. पाणी उकळून प्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट घेत राहावे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि ते उकळून जात नाही. घर घेताना पिण्याचे पाणी कुठले आहे, हे शेजाऱ्यांना किंवा ग्रामपंचायतीत अवश्य विचारा.

भात खाणाऱ्याने एकदम दोन्ही वेळा भाकरी आणि झणझणीत रस्सा सुरू केला, तर पोट कुरकुरणारच. महिनाभर एक जेवण आपल्या पद्धतीचे आणि एक इथले, असे ठेवावे. येताना गावाहून कुळीथ, कोकम जरूर आणा. समुद्राची मासळी मिळणार नाही, पण इथल्या तलावांतली मासोळीही चांगली असते. चव लागायला थोडे दिवस लागतात, एवढेच.

मनाला किती दिवस लागतात?

माझ्या अनुभवाने, मनाला पूर्ण वर्ष लागते. सगळे सण एकदा नव्या गावात साजरे झाले की माणूस रुळतो. तोवर डोके दुखणे, छातीत धडधडणे, झोप उडणे, भूक न लागणे अशा तक्रारी घेऊन माणसे येतात. यांत स्त्रिया आणि वृद्ध अधिक. पुरुषाला कचेरीत चार माणसे भेटतात, मुलांना शाळा असते. घरात राहणाऱ्या बाईला मात्र इथे हळदीकुंकवाला न बोलावता जायचे की नाही, कोणाला वहिनी म्हणायचे आणि कोणाला काकू, हेसुद्धा ठाऊक नसते. चुकू नये म्हणून ती कुठे जातच नाही. लोक म्हणतात, "बाई फार शिष्ट आहे." आणि ती घरात रडत असते.

यावर माझ्याकडे गोळी नाही. उपाय साधा आहे. एक घर धरा आणि तिथे सरळ विचारा, "तुमच्याकडे हे कसे करतात?" विचारणाऱ्याला या भागात कोणी हसत नाही, उलट चहा मिळतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. मात्र सलग दोन आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर थांबू नका. डॉक्टरांना सांगा, किंवा २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

तसेच प्रत्येक दुखणे नव्या पाण्याच्या माथी मारू नका. थंडी वाजून ताप, दोन आठवड्यांवरचा खोकला, शौचावाटे रक्त, उतरत जाणारे वजन यांचा हवा बदलल्याशी संबंध जोडून बसू नये. तपासून घ्यावे.

आपलेही काही काम आहे

हा लेख जितका येणाऱ्यांसाठी आहे, तितकाच इथे राहणाऱ्यांसाठी. आजींचे कारण मी त्यांच्या परवानगीने घरमालकीण बाईंना सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, "आजी, मले सांगाचं नाही का? मी काय परकी आहो?" त्यांनी ओसरीवरची बाज दुसऱ्या बाजूला हलवली, संडासाच्या वाटेवर एक तट्ट्या बांधला आणि सकाळ-संध्याकाळ आजींना हाक मारू लागल्या. खर्च काहीच आला नाही.

नवे बिऱ्हाड आले की पहिल्या आठवड्यात कोणीतरी जावे. पाणी कधी येते, डॉक्टर कुठे आहे, भाजीबाजार कोणत्या दिवशी, एवढे सांगितले तरी पुरे. घरात म्हातारे माणूस असेल, तर संडासाची सोय नीट आहे ना, हेही विचारायला लाजू नये.

आश्विनात त्याच अंगणात गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला जमल्या होत्या. मी रक्तदाब तपासायला गेलो होतो. आजींनी झाकलेल्या डब्यात खिरापत आणली आणि ओळखायला सांगितली. मुलींनी लाडवापासून चिवड्यापर्यंत सगळी नावे घेतली. डब्यात काकडीची तवसोळी होती. ती मला एकट्याला ओळखता आली असती, पण मी गप्प बसलो. आजींचा रक्तदाब त्या दिवशी १३०/८० होता.