चाळीस मायक्रॉनची शिल्लक

नव्या गाडीवर पहिले ओरखडे बहुतेक वेळा शोरूमच्या दारातच उमटतात. चाव्या हातात पडतात, चाकांखाली लिंबं ठेवली जातात, नारळ फुटतो, घरातली थोरली बाई ओल्या कुंकवाचं बोट बॉनेटवर टेकवून स्वस्तिक काढते. पुढच्या जाळीला झेंडूचा हार बांधला जातो. घरी पोचेपर्यंत कुंकू वाळून रवाळ झालेलं असतं, हाराचा दोरा वाटभर बंपरवर आपटलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कोरडं फडकं घेऊन मोठ्या कौतुकानं सगळं पुसून काढतो. त्या पुसण्यात काय झालं ते लगेच कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी राहिली की दिसतं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची गोल जाळी उमटलेली असते.

ही जाळी काढून देणारे कारागीर जळगावात अजिंठा चौफुलीपासून एमआयडीसीपर्यंतच्या गॅरेजांच्या गर्दीत सापडतात, धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेनं. पूर्वी त्यांच्या पाटीवर ‘डेंटिंग-पेंटिंग’ एवढंच असायचं. हल्ली ‘कार डिटेलिंग’ लिहितात, एसी बसवतात, छताला षटकोनी दिवे लावतात. काम मात्र बोलताना अजून ‘रबिंग-पॉलिश’च. गिऱ्हाइकाचा प्रश्नही ठरलेला: “भाऊ, हा ओरखडा जाईल का?” आणि जाणत्या कारागिराचं उत्तरही ठरलेलं: जाणार नाही, दिसणार नाही.

या उत्तरात सगळा धंदा आला. ओरखडा भरून काढता येत नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत घासून खाली आणावा लागतो. पॉलिश म्हणजे गाडीवर काहीतरी चढवणं अशी आपली समजूत असते, तिथं प्रत्यक्षात उतरवणं चाललेलं असतं. आणि उतरवायला फार काही नसतं.

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण १०० ते १३० मायक्रॉन जाडीचा रंग असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो. तो द्यायला गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात, म्हणजे रंग सांदीकोपऱ्यातही जाऊन बसतो. त्यावर प्रायमर, त्यावर जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉनचा खरा रंग, आणि सगळ्यात वर चाळीसेक मायक्रॉनचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. माणसाचा केस याच्याहून जाड असतो. गाडीची चमक, उन्हापासूनचं संरक्षण आणि पॉलिशवाल्याचं पोट, तिन्ही या चाळीस मायक्रॉनवर चालतं. एकदा जोरकस कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मारलं की त्यातले दोन-तीन जातात. सात-आठांच्या पुढे जाऊ नये, कारण ऊन पचवणारी रसायनं या थरातच असतात. तो फार पातळ झाला की दोन-चार उन्हाळ्यांत छताची आणि बॉनेटची साल निघू लागते. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांना शिवतो. काळ्या गाडीचा पत्रा तर त्याच्याही कितीतरी पुढे तापतो, हात ठेवून बघण्याचं धाडस करू नये.

रेघा गोल का दिसतात, हा प्रश्न गिऱ्हाइकाला नेहमी पडतो. पॉलिशवाल्यानं गोल गोल घासल्यामुळे, असं त्याला वाटतं, आणि आधीच्या पॉलिशवाल्यावर आळ येतो. खरं तर रेघा सरळ, आडव्या, तिरक्या, हव्या तशा पडलेल्या असतात. पण दिव्याचा उजेड डोळ्यापर्यंत परतवतात त्या फक्त प्रतिबिंबाभोवती विशिष्ट कोनात असलेल्या रेघा. बाकीच्या अंधारात राहतात. म्हणून दिवा हलवला की जाळीही त्याच्याबरोबर सरकते. पॉलिशच्या मशीनची खूण वेगळी असते. घाईनं फिरवलेल्या रोटरी मशीनचे पट्टे उन्हात मोराच्या पिसासारखे झुलतात. धंद्यात त्यांना होलोग्राम म्हणतात. गाडी आणायला संध्याकाळी बोलावलं तर एवढ्यासाठीच सकाळी जावं.

खानदेशात ही जाळी लवकर का पडते, याचं कारण जमिनीत आहे. इथला डोंगर बेसॉल्टचा, रस्त्याची खडी बेसॉल्टची. जळगाव-धुळे हे नव्वदेक किलोमीटरचं अंतर पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे असं जातं. त्याच्या चौपदरीकरणाचं काम इतकी वर्षं रेंगाळलं की या पट्ट्यातल्या गाड्यांच्या एका पिढीनं मुरुमाची धूळच अंगावर घेतली. बेसॉल्टच्या धुळीतली खनिजं कठीणतेच्या मोह्स मोजपट्टीवर पाच-सहाच्या घरात असतात, आणि गिरणेच्या वाळूचे डंपर रस्त्यावर जी रेती सांडत जातात तिच्यातलं क्वार्ट्झ थेट सातवर. क्लिअर कोट म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लॅस्टिक. त्यावर ही धूळ बसलेली असताना कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपरच फिरवणं.

लोकांना हे समजत नाही असं नाही. पाण्याचा प्रश्न आहे. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, धुळ्याला तापी योजनेचं, अक्कलपाड्याचं, नकाण्याचं. पण उन्हाळ्यात नळ काही दिवसांआड येतो आणि गाडीवर बादली ओतणाऱ्याकडे शेजारी बघतात. मग रोज सकाळी फडका. ज्यांच्याकडे बोअर आहे ते पाइप लावून धुतात, पण त्या पाण्यात क्षार फार. तापलेल्या पत्र्यावर ते क्षणात वाळतं आणि पांढरे ठिपके मागे ठेवतं. जुने झाले की हे ठिपके क्लिअर कोटमध्ये खड्डा करून बसतात, धुवून जात नाहीत. विलायतेतले गाडीप्रेमी दोन बादल्यांनी गाडी धुण्याचा आग्रह धरतात, एक साबणाची, एक हात विसळायची. धुळ्यात एप्रिल महिन्यात हे सांगून बघावं.

अनुभवी कारागीर गाडी बघून तिचा दिनक्रम सांगतो. डाव्या बाजूला दारांवरून मागे गेलेल्या लांबलचक समांतर रेघा असतील तर गाडी रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत किंवा शिवाररस्त्यांवर फिरते. समोरून ट्रॅक्टर आला की डावीकडे दबावं लागतं, आणि डावीकडे वेडी बाभूळ असते. दाराच्या मुठीमागच्या खोलगट वाटीत नखांच्या, अंगठ्यांच्या रेघा. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात त्या जरा जास्तच. डिकीच्या कडेवर सामान ओढल्याचे चरे. बॉनेटवर मांजराच्या पंजाचे चार-चार. छतावर निवडणुकीतल्या झेंड्याच्या काठीचा घासा आणि काचेच्या रबरात गुलाल. गुलाल पुढच्या निवडणुकीपर्यंत निघत नाही.

मग तपासणी. नख ओरखड्यावरून आडवं फिरवायचं. अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशनं पुरता निघणार नाही, कडा मऊ होऊन नजरेत कमी येईल इतकंच. दुसरी परीक्षा पाण्याची: ओरखड्यावर पाण्याचं बोट फिरवलं आणि तो नाहीसा झाला तर तो क्लिअर कोटपुरता आहे. पाणी चर भरून काढतं आणि उजेड विखुरायचा थांबतो म्हणून तो दिसत नाही. पांढुरका किंवा करडा तसाच दिसत राहिला तर प्रायमर उघडा पडलाय. तिथं मशीन नको, टचअप हवा. ज्यांच्याकडे मीटर आहे ते मग जाडी मोजतात. चुंबकत्वावर चालणारं हे छोटं यंत्र पत्र्यापासून रंगाचा माथा किती दूर आहे ते सांगतं. ११० आलं तर कंपनीचा रंग, २२० आलं तर कुणीतरी परत रंगवलंय, आणि हजाराच्या पुढे गेलं तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात या एका यंत्रानं ‘एकदम ओरिजिनल, लेडीज चालवत होत्या’ या वाक्याची पंचाईत करून टाकली आहे.

प्रत्यक्ष काम संथ असतं. गाडी धुऊन झाली की हातात मावेल एवढी चिकणमातीसारखी वडी, ‘क्ले’, साबणाच्या पाण्यासोबत पत्र्यावर फिरवतात. ही युक्ती जपानमधून आलेली. डांबराचे कण, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी ती उपटून काढते. हे कण तसेच ठेवून मशीन लावलं तर तेच पॅडखाली सापडून नवे चरे पाडतात. मग कडांना, रबरांना, काळ्या प्लॅस्टिकला चिकटपट्टी. काळ्या प्लॅस्टिकवर वाळलेलं कंपाउंड पांढरं पडतं आणि टूथब्रश घेऊन बसलं तरी निघत नाही. दाराच्या आणि बॉनेटच्या कडांवर रंग मुळात पातळ बसलेला असतो, पॅड जरा जास्त थांबलं की खालचा प्रायमर डोकावतो. नवशिक्याच्या हातून गाडी जळते ती कडेलाच.

एकट्या-दुकट्या खोल ओरखड्यावर आधी २००० किंवा ३००० नंबरचा पाण्याचा पेपर, तोही बोटाला न गुंडाळता छोट्या सपाट ठोकळ्यावर. बोटानं घासलं तर बोटांचेच खळगे उमटतात. ओरखड्याच्या जागी दुधी, मॅट डाग पडतो. उभा असलेला मालक या क्षणी हमखास घाबरतो. मग लोकरीचं पॅड लावलेलं मशीन येतं. वाटाण्याएवढे कंपाउंडचे चार-पाच ठिपके, आधी बंद मशीननं पसरवून घेतलेले, मग मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर आडवे आणि उभे हात. पॅड पत्र्यावर दाबायचं नसतं, मशीनच्या वजनानं जेवढं दबतं तेवढं पुरे. दर थोड्या वेळानं हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवायची. कोमट चालतो, चटका नको. दुधी डाग आक्रसत जातो आणि त्यातून समोरच्या दुकानाची पाटी उलटी वाचता येऊ लागते. त्यानंतर फोमचं मऊ पॅड आणि बारीक पॉलिश, कारण लोकरीनं स्वतःच्या बारीक रेघा सोडलेल्या असतात. मे महिन्यात हे सगळं सकाळी दहाच्या आत किंवा रात्री. भर दुपारी कंपाउंड पसरायच्या आत वाळतं आणि भुकटी उडते.

रोटरी मशीन हे मूळ ग्राइंडरच्या कुळातलं. १९२२ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या फ्लेक्स कंपनीचं नाव या कुळात मोठं. ते एकाच अक्षावर फिरतं, कापतं झपाट्यानं आणि जाळतंही झपाट्यानं. दुसऱ्या जातीचं मशीन, ड्युअल अ‍ॅक्शन, फिरता फिरता डगमगतंही. जास्त दाबलं तर त्याचं फिरणं आपोआप मंदावतं, म्हणून ते माफ करणारं मशीन. इटलीतल्या रुपेस कंपनीच्या मोठ्या झोक्याच्या मशीनांनी ही जात जगभर नेली. खानदेशातले जुने उस्ताद आधी तिला खेळणं म्हणाले. आता बहुतेक ठिकाणी दोन्ही असतात: रोटरी उस्तादाच्या हातात, डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पोऱ्याच्या.

या धंद्याचा जन्मही रंगातूनच झाला. पूर्वीचं वॉर्निश वाळायला आठवडे घ्यायचं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीनं ड्युको नावाचं लॅकर आणलं, ते तासांत वाळू लागलं, पण मंद दिसायचं. घासल्याशिवाय चमक येत नसे. तेव्हापासून रंगाऱ्याच्या मागोमाग घासणारा आला. आपल्याकडचे जुने पेंटर गाडीच्या रंगकामाला अजून ड्युकोच म्हणतात. अ‍ॅम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या पद्मिनीच्या जमान्यात क्लिअर कोट नव्हता, रंगच घासला जाई आणि फडकं गाडीच्या रंगाचं होई. सोनगीरच्या पितळी तांब्याला चिंच लावली की फडकं काळं होतं, तसंच ते, आणि गिऱ्हाइकाला काम झाल्याचा पुरावा मिळे. आता फडकं पांढरंच राहतं. दारावर पॉलिश करताना फडक्याला रंग लागला, तर क्लिअर कोट संपला किंवा तिथं तो मुळात नव्हताच.

परत रंगवलेल्या दाराचं प्रकरण निराळं. नाशिकच्या कारखान्यात बोलेरोचा वरचा रंग भट्टीत शंभराच्या कितीतरी पुढच्या तापमानाला भाजला जातो. गॅरेजात तसं करता येत नाही, सीट आणि वायरी वितळतील. तिथं हार्डनर मिसळलेला रंग मारतात आणि बूथ असेल तर साठेक अंशांवर, नसेल तर सूर्यनारायणाच्या भरवशावर वाळवतात. असा रंग बऱ्याचदा मऊ राहतो, त्याच पॅडनं दुप्पट कापला जातो. डाव्या दाराला चालणारं कंपाउंड उजव्या दारावर चालेलच असं नाही. म्हणून शहाणा कारागीर प्रत्येक पॅनेलवर वीतभर जागेत आधी नमुना करून बघतो.

बनवाबनवीही भरपूर. सिलिकॉन तेलाचं पॉलिश चोपडून जाळी झाकता येते. तेल रेघांत बसतं, गाडी आरशासारखी दिसते आणि दोन धुण्यांत सगळ्या रेघा परत हजर. खरं काम करणारा शेवटी अल्कोहोल मारून तेल पुसून मगच गाडी दाखवतो. हे पुसणं मालकानं आपल्यासमोर करून मागावं. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीतला ‘९एच’ हाही असाच एक गैरसमज. तो आकडा पेन्सिलींच्या कठीणतेच्या चाचणीतला आहे, हिऱ्याच्या पंक्तीतला नाही. मायक्रॉनभराचा तो थर पाणी झटकतो, धुणं सोपं करतो. बाभळीचा काटा अडवत नाही, आणि बोअरच्या पाण्याचे ठिपके त्याच्यावरही बसतात. काटा अडवायचा असेल तर दीड-दोनशे मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लागते. ती महाग असते, पण तिच्यावरचे बारीक ओरखडे उष्णतेनं आपोआप मिटतात. बाकी देशात त्यासाठी गरम पाणी ओततात. भुसावळात गाडी अंगणात लावली की झालं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे आणि दसऱ्याच्या आधीचे दिवस गर्दीचे. लग्नसराईत नवरदेवाच्या गाडीवर फुलं चिकटवलेल्या टेपचा गोंद काढायचं काम वेगळं येतं. गर्दीत पांढऱ्या गाड्या जास्त, कारण उन्हामुळे आणि हौसेमुळे रस्त्यावरही त्याच जास्त. पांढऱ्यावर जाळी दिसत नाही, म्हणून त्यांचे मालक वर्षाकाठी एकदा येतात आणि अर्ध्या दिवसात मोकळे होतात. काळ्या स्कॉर्पिओ आणि थारचे मालक दर दोन महिन्यांनी येतात. त्यातल्या एखाद्याला मीटर लावून आकडा दाखवावा लागतो, आणि या वेळी फक्त धुवून देतो, मशीन लावत नाही, असं सांगावं लागतं. काहींना ते पटतं. न पटणारे चौफुलीच्या पलीकडच्या दुसऱ्या दुकानात जातात.