‘आमच्या आजोबांना कुठे काय झाले?’

दवाखान्यात बिडी सोडण्याचा विषय काढला की एक उत्तर ठरलेले असते. ‘डॉक्टर, आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते. त्यांना कुठे काय झाले?’ आजोबा खरे आणि त्यांची बिडीही खरी. पण एका माणसावरून बिडी निर्दोष ठरत नाही; तशीच एखाद्या बिडीवाल्याला कर्करोग झाला म्हणून ती दोषीही ठरत नाही. मग हे ठरते कसे?

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण फार वाढले होते. कोणी मोटारींच्या धुराला दोष देई, कोणी रस्त्यावरच्या डांबराला. डॉ. रिचर्ड डॉल आणि संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांत चौकशी केली. १९५० साली त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे फक्त २ निघाले.

एवढ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. कारण त्या काळी तेथे बहुतेक सगळेच पुरुष सिगारेट किंवा पाइप ओढत. म्हणून त्यांनी त्याच वयोगटातले, पण दुसऱ्या आजारांचे ६४९ पुरुष घेऊन त्यांनाही तेच प्रश्न विचारले. त्यांत धूम्रपान न करणारे २७ निघाले. २ आणि २७! दोष दिसतो तो अशा तुलनेतून. डॉल स्वतः सिगारेट ओढत. या संशोधनाच्या काळातच त्यांनी ती सोडली.

तरी शंका उरते की, आजारी माणूस जुन्या सवयी नीट सांगेल का? म्हणून १९५१ साली दोघांनी उलट वाट धरली. ब्रिटनमधील डॉक्टरांनाच त्यांच्या सवयी पत्राने विचारल्या. सुमारे ४० हजारांनी उत्तरे दिली. पुढे कोण कशाने दगावतो याची नोंद ठेवली गेली, आणि पुरुष डॉक्टरांची नोंद तर तब्बल ५० वर्षे चालली. २००४ साली निष्कर्ष आला : सिगारेट न सोडणारे सरासरी १० वर्षे आधी गेले.

‘सरासरी’ हा शब्द लक्षात ठेवावा. त्यात नव्वदी गाठणारे आजोबाही असतात आणि पन्नाशीत गेलेलेही. फरक इतकाच की, नव्वदीतले आजोबा सर्वांना आठवतात. पन्नाशीत गेलेल्यांचा दाखला द्यायला कोणी येत नाही. आपण कोणत्या बाजूला पडू, हे कोणताही डॉक्टर आधी सांगू शकत नाही. धोका किती वाढतो, एवढेच आकडे सांगतात.

बिडीला कागदाऐवजी पान असते म्हणून ती सौम्य, असेही समजू नये. तिचा धूर तितकाच घातक आहे.

याच अभ्यासातली एक दिलासा देणारी गोष्ट सांगतो. साठीत सिगारेट सोडणाऱ्यांचे सरासरी ३ वर्षांचे, पन्नाशीत सोडणाऱ्यांचे ६ वर्षांचे, चाळिशीत सोडणाऱ्यांचे ९ वर्षांचे आणि तिशीत सोडणाऱ्यांचे जवळजवळ पूर्ण १० वर्षांचे आयुष्य वाचले. तेव्हा ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असे म्हणू नका. उपयोग आहे; आणि तो जितक्या लवकर सोडाल तितका जास्त आहे.