यंत्र गाणी लावील, बोलणार कोण?

छोट्या नभोवाणी केंद्राचा जमाखर्च तपासणाऱ्याला पहिला मोह होतो तो माणसे कमी करण्याचा. दिवसाला दहा तास प्रसारण करावयाचे म्हटले, तर निवेदक आणि तंत्रज्ञ यांच्या पगाराचा बोजाच संस्थेला पेलत नाही. संगणकाला मात्र दिवसाचा कार्यक्रम एकदा नेमून दिला, की सकाळच्या भक्तिगीतांपासून रात्रीच्या समारोपाच्या घोषणेपर्यंत तो सारे काही न चुकता लावतो. रजा मागत नाही की पगारवाढ मागत नाही. मग माणूस हवाच कशाला, असा प्रश्न कार्यकारी मंडळाच्या बैठकीत कोणीतरी विचारतोच. हा प्रश्न वरवर वाटतो तितका भाबडा नाही. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी केंद्राचा पैसा नेमका कशावर खर्च होतो आणि यंत्र त्यातील कोणता भाग वाचवू शकते, हे पाहिले पाहिजे.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालविण्याची वाट मोकळी झाली. २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील माचनूर येथे दलित स्त्रियांनी चालविलेले ‘संगम रेडिओ’ सुरू झाले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ बोलू लागली. आज देशात अशी पाचशेच्या आसपास सामुदायिक केंद्रे आहेत. त्यांचे प्रक्षेपण सामान्यतः १०० वॉट परिणामी शक्तीचे, म्हणजे सुमारे दहा किलोमीटरच्या परिसरात ऐकू जाणारे असते. एका तालुक्याचाही सर्व भाग त्यात येईल, असे नाही.

उत्पन्नाची बाजू त्याहून अरुंद आहे. जाहिरातींना तासाला सात मिनिटे मिळत, ती मर्यादा २०२४ मध्ये बारा मिनिटांवर नेण्यात आली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. बारा मिनिटांत दहा सेकंदांच्या ७२ जाहिराती बसतात. म्हणजे कागदावर तासाला ५,३२८ रुपये होतात. पण पाऊस हुलकावणी देणाऱ्या तालुक्यात इतके जाहिरातदार आणावयाचे कोठून? बी-बियाण्यांचा दुकानदार, खाजगी शिकवणीवर्ग आणि सणासुदीला एखादा कापड व्यापारी, एवढ्यावर यादी संपते. तेव्हा काटकसर हा अशा केंद्रांच्या आवडीनिवडीचा प्रश्न नसून जगण्याचा आहे.

स्वस्त काय आणि महाग काय

सुदैवाने यंत्राची बाजू आज विलक्षण स्वस्त झाली आहे. ठीकठाक प्रतीच्या संकुचित स्वरूपात साठवलेल्या एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे ११५ मेगाबाइट जागा लागते. रोज दहा तासांप्रमाणे वर्षाचे ३,६५० तास होतात. ते सारे अर्ध्या टेराबाइटहून कमी जागेत मावते. कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या डिस्कमध्ये दोन वर्षांचे प्रसारण सहज राहू शकते. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन परवान्यातच आहे. ते पाळण्यासाठीही याहून अधिक खर्च नाही. शंभर वॉट घेणारा जुना संगणक अहोरात्र चालू ठेवला, तर महिन्याला ७२ युनिट वीज जळते. पंधरा वॉटचा लहान संगणक तेच काम अकरा युनिटांत करतो.

सॉफ्टवेअरचेही तसेच. अमेरिकेत विकसित झालेले ‘रिव्हेंडेल’ किंवा २०१७ पासून स्वतंत्रपणे वाढत आलेले ‘लिब्रटाइम’ यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. आपल्याकडील सामुदायिक केंद्रांची गरज ओळखून दिल्लीच्या ‘ग्रामवाणी’ने ‘ग्रिन्स’ नावाची प्रणाली तयार केली होती. कार्यक्रमांची मांडणी आणि श्रोत्यांचे दूरध्वनी या दोन्ही गोष्टी तिने एकाच जागी आणल्या होत्या. वेळापत्रकाप्रमाणे ध्वनिमुद्रणे लावणे, ठरल्या जागी जाहिराती घालणे, काय केव्हा लागले याची नोंद ठेवणे, ही कामे अशा प्रणाली बिनतक्रार करतात. यासाठी परवान्याची मोठी रक्कम मोजण्याचे छोट्या केंद्राला कारण नाही.

परंतु विनामूल्य म्हणजे बिनखर्ची नव्हे. असे सॉफ्टवेअर बसवणारा आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस लागतो. बहुतेक ठिकाणी हा एखादा हौशी, हुशार तरुण असतो. त्याला पुण्यात नोकरी लागली, की परवलीचे शब्दसुद्धा त्याच्याबरोबर जातात आणि पुढच्याच आठवड्यात केंद्र मुके होते. म्हणून काटकसरीचा पहिला नियम असा, की सारी कार्यपद्धती साध्या मराठीत लिहून भिंतीवर लावावी आणि निदान दोघांना ती हाताळता यावी. दुसरा नियम, एका भारी संगणकाऐवजी दोन सारखे साधे संगणक घ्यावेत. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावे. तिसरा नियम, वाचलेला पैसा बॅटरी, स्थिर दाबाचा वीजपुरवठा आणि चांगले भूसंधारक यांवर घालावा. ग्रामीण भागात यंत्रांचा जीव विजेचा लपंडाव आणि वळवाच्या विजा घेतात. सुतळीसाठी गलबत गमावण्यात कसली काटकसर?

बॉमोल यांचा धडा

आता मुख्य प्रश्न. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कारखान्यात यंत्रे आली, की एका कामगाराच्या तासाभरातील उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतनही वाढते. पण चार वादकांनी अर्धा तास वाजवावयाच्या रचनेला आजही चारच वादक आणि अर्धाच तास लागतो. तेथे उत्पादकता वाढत नाही. वेतन मात्र इतरांबरोबर वाढवावे लागते. त्यामुळे अशा सेवा तुलनेने उत्तरोत्तर महाग होत जातात.

नभोवाणी केंद्रात ही दोन्ही अर्थशास्त्रे एकाच छताखाली नांदतात. कार्यक्रम ‘लावणे’ हे काम कारखान्यासारखे आहे. यंत्राने ते जवळजवळ फुकट करून टाकले. कार्यक्रम ‘करणे’ हे काम मात्र त्या वादकांसारखे आहे. शेळ्यांच्या लसीकरणावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करावयाचा, तर कोणीतरी वाडीवर गेले पाहिजे, मेंढपाळाचा संकोच जाईपर्यंत त्याच्याशी बोलत बसले पाहिजे, पशुवैद्याला गाठले पाहिजे आणि मग दोन तासांच्या बोलण्यातून कामाचा अर्धा तास वेचला पाहिजे. ध्वनिमुद्रण जोडण्या-तोडण्याचे श्रम संगणकाने हलके केले हे खरे. पण माणसाने माणसाचा विश्वास मिळवण्यास लागणारा वेळ त्याला कमी करता आलेला नाही.

समजा, दहा तास यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाचे काम स्वयंचलनामुळे दोन तासांत होऊ लागले. वाचलेल्या आठ तासांचे दोन उपयोग संभवतात. एक, त्या माणसाला घरी पाठवावे. दुसरा, त्याच्या हाती ध्वनिमुद्रक देऊन त्याला गावांत पाठवावे. ताळेबंदात पहिला मार्ग लगेच फायद्याचा दिसतो. पण त्या मार्गाने गेलेल्या केंद्राजवळ काही महिन्यांतच जुन्या ध्वनिमुद्रणांखेरीज लावण्याजोगे काही उरत नाही. गाणी काय, प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर हवी ती आणि हवी तेव्हा मिळतात. त्यांच्यासाठी दहा किलोमीटरचे केंद्र कोण लावील? आपल्या बाजारचा भाव, आपल्या शाळेची अडचण, आपल्या बोलीतला आवाज हीच त्या केंद्राची एकमेव दुर्मिळ वस्तू आहे, आणि जाहिरातदारही तिच्यासाठीच पैसे मोजतो. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, हा नियम म्हणूनच केवळ आदर्शवाद नाही. ते शुद्ध व्यवहारज्ञान आहे.

रात्रीचा रिकामा स्टुडिओ

माणूस अजिबात काढून टाकण्याची किंमत कधी कधी पैशापलीकडची असते. अमेरिकेतील उत्तर डाकोटा राज्यात मायनॉट शहराजवळ १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर एक मालगाडी रुळांवरून घसरली आणि अमोनिया वायूचा ढग वस्तीवर पसरला. एकाचा मृत्यू झाला, शेकडो लोकांना त्रास झाला. शहरातील सहा व्यापारी नभोवाणी केंद्रे क्लिअर चॅनल या एकाच कंपनीच्या मालकीची होती. पोलिसांनी केलेले दूरध्वनी तेथे उचलले गेले नाहीत, अशी तक्रार पुढे झाली. तातडीची सूचना देणारी यंत्रणा पोलिसांनीच नीट बसवलेली नव्हती, असा कंपनीचा खुलासा होता. दोष कोणाचाही असो, संकटाच्या घटकेला सावध करणारा आवाज लोकांना वेळेवर मिळाला नाही, एवढे खरे. याउलट तमिळनाडूतील पांबन येथील ‘कडल ओसै’ हे मच्छीमारांसाठी चालणारे केंद्र पाहावे. समुद्र खवळणार असल्याचा इशारा जेथे लोकांच्या जिवाशी निगडित आहे, तेथे ठरलेला कार्यक्रम थांबवून बोलण्याचा अधिकार कोणाकडे तरी असलाच पाहिजे.

यावर रात्रपाळी हाच उपाय आहे, असे नाही. प्रसारणात शांतता पसरली तर पर्यायी ध्वनिमुद्रण आपोआप सुरू व्हावे आणि जबाबदार व्यक्तीच्या मोबाइलवर सूचना जावी. बाहेरून दूरध्वनीने प्रसारणात शिरता यावे. तहसील कचेरीत आणि पोलीस ठाण्यात त्या व्यक्तीचा क्रमांक नोंदलेला असावा. या सोयी थोड्या खर्चात होतात. मात्र ती जबाबदार व्यक्ती पगारपत्रकावर असावी लागते.

खरी अडचण नेमकी येथेच आहे. सामुदायिक केंद्रांसाठीच्या सरकारी योजनेतून यंत्रसामग्रीच्या खर्चाचा काही भाग मिळतो; देणगीदारांनाही यंत्र देणे आवडते. यंत्राला डेडस्टॉक नोंदवहीत क्रमांक पडतो, त्याच्यावर देणगीदाराचे नाव रंगवता येते, हिशेबतपासनीसाला ते बोटाने दाखवता येते. मेंढपाळाशी बोलण्यात गेलेल्या दुपारीला असा क्रमांक नसतो. म्हणून अनुदान देणाऱ्यांनी आणि संस्थाचालकांनीही एक साधे पथ्य पाळावे : स्वयंचलनामुळे जितके मनुष्यतास वाचले, तितक्यांचे वेतन अंदाजपत्रकात ‘कार्यक्रमनिर्मिती’ या वेगळ्या शीर्षकाखाली दाखवावे आणि ते दुसरीकडे वळवू नये. हे पथ्य पाळले, तर स्वस्त यंत्र गरीब केंद्राला खरोखर समृद्ध करील. ते पाळले नाही, तर केंद्र रोज वेळेवर सुरू होईल, वेळेवर बंद होईल. मध्ये ते कोणी ऐकले नाही, हे मात्र कोणत्याही नोंदवहीत दिसणार नाही.