बिऱ्हाड पाठीवर घेऊन : व्हर्जीनियांतील तीन गांवें

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपण थट्टेनें म्हणतों. अमेरिकेंत मात्र पुष्कळ सुखवस्तु कुटुंबें तें खरोखरच पाठीवर घेऊन सुटीला निघतात. चूल, निजण्याच्या फळ्या, स्नानगृह आणि पाण्याची टांकी हें सारें एकाच मोटारींत बसविलेलें असतें. अशी २८ फुटांची एक घरगाडी भाड्यानें घेऊन मातुःश्री, नॉर्थ कॅरोलिनांत नोकरीस असलेले आमचे धाकटे बंधु, वहिनी, त्यांचा बारा वर्षांचा मुलगा व आम्ही उभयतां अशीं सहा माणसें गेल्या मे महिन्यांत व्हर्जीनियाकडे निघालों. चूल व संडास यांमध्यें अवघें हातभर अंतर पाहून मातुःश्रींनीं पहिला दिवस फळांवर काढला. दुसऱ्या दिवशीं मुक्कामाच्या आवारांत झाडाखालीं शेगडी मांडून पिठलें-भात झाला, आणि तो प्रश्न मिटला. अशा आवारांतून वीज व पाणी जोडून मिळतें, सांडपाण्याची टांकी रिकामी करण्याचीहि सोय असते. हें शेवटचें काम बंधूंनीं आपल्या अंगावर घेतलें. त्याविषयीं अधिक न लिहिणें बरें.

जेम्सटाउनला जाणाऱ्यांनीं नदीच्या दक्षिण तीरावरून जावें, अशी आमची सूचना आहे. सरकारी बोट आपणांस गाडीसकट फुकट पलीकडे नेते, व जातां जातां जुन्या शिडांच्या तीन जहाजांच्या प्रतिकृति समोर दिसूं लागतात. १६०७ च्या मे महिन्यांत अशाच तीन जहाजांतून १०४ पुरुष व मुलगे पोहाटन लोकांच्या या भूमीस लागले. त्यांना धाडणाऱ्या व्हर्जीनिया कंपनीचा पुढें जो मुख्य चालक झाला, तो सर टॉमस स्मिथ १६०० सालच्या ईस्ट इंडिया कंपनीचाहि पहिला गव्हर्नर होता! एक डोळा त्या नदीवर, दुसरा आपल्या मिरी-लवंगांवर.

येथील किल्ला नदीनें गिळला, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९९४ पासून विल्यम केल्सो या संशोधकानें खोदकाम चालविलें, तेव्हां कुजून गेलेल्या लांकडी तटाचे काळे डाग मातींत सांपडले. १६०९-१० च्या हिंवाळ्यांत तटाआड राहिलेल्या सुमारें ३०० माणसांपैकीं ६० च्या आसपास जगलीं. घोडे, कुत्रीं, उंदीर खाऊन संपल्यावर काय घडलें, हें २०१२ सालीं मिळालेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या कवटीवरील सुरीच्या खुणा सांगतात. तेथील संग्रहालयांत ती कवटी व तिच्यावरून घडविलेला मुलीचा चेहरा ठेवला आहे. वहिनी तो पाहून तत्काळ बाहेर गेल्या. साम्राज्याचा असा उपाशी आरंभ आमच्या शाळेच्या पुस्तकांत नव्हता. पुढें १६१९ सालीं या वसाहतींत लोकप्रतिनिधींची पहिली सभा भरली, आणि त्याच उन्हाळ्यांत वीसाहून कांहीं अधिक आफ्रिकन माणसें धान्यसामुग्रीच्या बदल्यांत विकलीं गेलीं.

विल्यम्सबर्ग तिन्ही गांवांत देखणें. आम्हांस तर तें किंचित् अधिकच देखणें वाटलें. १६९९ ते १७८० पर्यंत येथें राजधानी होती. ती हलल्यावर गांवाला अवकळा आली. १९२६ पासून गुडविन नामक धर्मोपदेशकाच्या आग्रहानें व धाकट्या रॉकफेलरच्या पैशानें तें पुन्हां सजविण्यांत आलें. जुन्या पोषाखांतील लोहार व छापखानेवाले तेथें खरोखरीचें काम करतात. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळीं गांवांतील निम्म्याहून अधिक लोक काळे, व बहुतेक गुलाम होते, ही गोष्ट मात्र पहिलीं कित्येक दशकें क्वचितच सांगितली जाई. आतां सांगतात. १७६० सालीं काळ्या मुलांसाठीं निघालेल्या शाळेची इमारत २०२३ मध्यें अखंड उचलून, चाकांवरून, जुन्या पेठेंत आणली आहे. तेथें आज्ञाधारकपणा शिकवीत, पण त्याबरोबर वाचनहि शिकवीत.

यॉर्कटाउनला पाहावयाचें असें थोडेंच : गवताळ मैदान, मातीचे बुरूज, तोफा. पण आम्ही सर्वांत अधिक वेळ रेंगाळलों तें येथेंच. जमिनीवरून वॉशिंग्टनचें व फ्रेंचांचें सैन्य, समुद्राच्या तोंडाशीं फ्रेंच आरमार, अशा कचाट्यांत सांपडून १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं सात हजारांवर इंग्रज पक्षाच्या शिपायांनीं हत्यारें खालीं ठेविलीं. सेनापति लॉर्ड कॉर्नवॉलिस प्रकृतीचें निमित्त सांगून आलाच नाहीं. त्यानें दुय्यम अधिकारी ओहारा यास पाठविलें. स्वातंत्र्याच्या आशेनें इंग्रजांकडे धांवून आलेल्या गुलामांना तर वेढ्यांत अन्न सरूं लागतांच, देवी आलेल्या रोग्यांसुद्धां, तटाबाहेर हांकून दिलें होतें.

“हरल्यावर त्याचें पुढें काय झालें, काका?” पुतण्यानें विचारलें.

आम्ही सांगितलें, कीं पांच वर्षांत तो हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास उतरला. १७९२ सालीं त्यानें श्रीरंगपट्टणास टिपूला गांठून अर्धें राज्य सोडावयास लाविलें व त्याचे दोन मुलगे ओलीस घेतले. त्या मोहिमेंत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्याच बाजूस होत्या.

“म्हणजे आपण त्याच्या बाजूचे होतों?”

होतों. टिपूशीं पुण्याचें जुनें वैर होतें व त्यास कारणेंहि होतीं, तीं आम्ही सांगितलीं. परंतु सव्वीस वर्षांनीं त्याच कंपनीनें पेशवाईहि घेतली, हें त्या मैदानावर, त्या मुलाच्या तोंडाकडे पाहून सांगतांना आमची जीभ अडखळली.

“इथें हें कां शिकवीत नाहींत?” तो म्हणाला.

“तिकडेहि दोन्ही गोष्टी एकत्र कोणी शिकवीत नाहीं,” बंधु म्हणाले.

मातुःश्री इतका वेळ बाकावर बसून ऐकत होत्या. “मेला कुठें तो?” त्यांनीं विचारलें. १८०५ सालीं पुन्हां गव्हर्नर-जनरल होऊन आला व त्याच वर्षीं गाजीपुरास वारला, गंगेजवळ त्याची मोठी कबर आहे, असें आम्ही सांगितलें. “म्हणजे काशीहून जवळच कीं,” त्या म्हणाल्या. आणि पुढील खेपेस नातवाला काशीला न्याल तेव्हां ती दाखवून आणा, असें त्यांनीं बंधूंस तेथल्या तेथें बजावलें.